मुंबई–कराची, मार्गे दुबई

मुंबईच्या विमानतळापासून हवेतून सरळ रेघ मारली तर बंगळुरू सुमारे ८३५ किलोमीटर, कराची ८७५ आणि दिल्ली ११४०. म्हणजे मुंबईकराला कराची दिल्लीपेक्षा चांगली अडीचशे किलोमीटर जवळ आहे. दोन्ही गावांचे अक्षांश-रेखांश हाताशी असले की हे गणित दहावीतलं पोरगंही करेल. त्यात कुणाच्या मताला जागा नाही. आजचं जेट विमान एवढं अंतर हवेत असताना सव्वा तासात कापतं. धावपट्टीपर्यंतची रांग आणि उतरल्यावर पायरीपर्यंतचा रांगतेपणा धरला तर वेळापत्रकात दीड-पावणेदोन तास लिहायचे. त्यातून भारताचं घड्याळ पाकिस्तानच्या अर्धा तास पुढे. मुंबईहून सकाळी दहाला निघालेला माणूस कराचीत उतरेल तेव्हा तिथे नुकते सव्वाअकरा वाजत असतील. दुपारचं जेवण तिकडे सहज.

अडचण इतकीच, की असं विमान नाही.

आज कुणाला मुंबईहून कराचीला जायचं असेल, आणि कागदपत्रांचा प्रश्न सुटला आहे असं क्षणभर धरलं, तर वाट दुबईची. मुंबई ते दुबई सुमारे १९२५ किलोमीटर, दुबई ते कराची परत पूर्वेला ११९०. बेरीज ३११५. सरळ रेघेच्या साडेतीन पट. पहिल्या टप्प्याला सव्वातीन तास, दुसऱ्याला दोन. नशिबाने दोन तासांत पुढचं विमान मिळालं तर एकूण सव्वासात तास. न मिळालं तर दुबईच्या झगझगाटात खजूर आणि अत्तरं बघत रात्र काढायची.

हा सव्वासात तासांचा आकडा ध्यानात ठेवावा. कारण त्याला एक जुना प्रतिस्पर्धी आहे.

१५ ऑक्टोबर १९३२. कराचीच्या ड्रिग रोड विमानतळावरून सकाळी साडेसहाच्या सुमारास एक पस मॉथ विमान उडालं. एकच इंजिन, पंख डोक्यावर, सांगाडा नळ्यांचा आणि वर कापड ताणून बसवलेलं. वेग ताशी दीडशे-एकशेसाठ किलोमीटर. आत रेडिओ नाही. खाली दिसणारा किनारा, नदी, रेल्वेचे रूळ हेच वाटाडे. सामान म्हणजे टपालाची पोती, वजन अवघं पंचवीस किलो. चालवणारे जहांगीर रतनजी दादाभाई टाटा, म्हणजे जेआरडी, वय अठ्ठावीस. तीन वर्षांपूर्वी, १० फेब्रुवारी १९२९ ला, त्यांना भारतात दिला गेलेला पहिल्या क्रमांकाचा वैमानिक परवाना मिळाला होता.

मधे अहमदाबादला थांबा. तिथे बर्मा शेलचं पेट्रोल डब्यांतून आलं, आणि ते डबे घेऊन आली बैलगाडी. जेआरडींच्या या उड्डाणाची हकिगत जिथे जिथे सांगितली जाते तिथे ही बैलगाडी असतेच, आणि असायलाही हवी. डबे रिकामे झाले, विमान पुन्हा उडालं आणि दुपारी दोनच्या आत जुहूला उतरलं. अहमदाबादचा वळसा धरून सुमारे १०३५ किलोमीटर. पेट्रोल भरण्याच्या थांब्यासकट सव्वासात तासांच्या आसपास. पुढे त्यांचे सहकारी नेव्हिल विन्सेंट यांनी टपाल बेल्लारीमार्गे मद्रासला नेलं. टाटांच्या हवाई टपालसेवेची, म्हणजे पर्यायाने एअर इंडियाची, ही सुरुवात.

म्हणजे ब्याण्णव-त्र्याण्णव वर्षांपूर्वी कापडाच्या विमानाने आणि बैलगाडीच्या मदतीने जेवढा वेळ लागला, तेवढाच आज रुंद सीटच्या जेटने, आणि तोही सगळं जुळून आलं तर. तीन तास आधी विमानतळावर हजर राहणं वेगळं. माझ्या मते या शर्यतीत पस मॉथच जिंकलं.

टपाल कराचीहूनच का निघालं, यालाही कारण आहे. इंपीरियल एअरवेजने १९२९ च्या मार्चअखेरीस लंडन–कराची सेवा सुरू केली आणि विलायतेची हवाई डाक कराचीत येऊन पडू लागली. ब्रिटिशांच्या डोक्यात कराची हे हिंदुस्थानचं हवाई महाद्वार होतं. तिथे आर-१०१ या अजस्र हवाई जहाजासाठी भलामोठा हँगरही उभारला होता. ते जहाज ऑक्टोबर १९३० मध्ये फ्रान्समध्ये बोव्हेजवळ कोसळून जळालं. कराचीचा हँगर पाहुण्याविनाच राहिला. पण डाक येत राहिली, आणि मुंबई-मद्रासच्या व्यापाऱ्यांना ती रेल्वेच्या भरवशावर पडून राहिलेली नको होती. टाटा आणि विन्सेंट यांनी हीच फट हेरली. मुंबईच्या बाजूला मात्र थाट कमी होता. जुहूचं मैदान पावसाळ्यात पाण्याखाली जाई आणि सगळं बिऱ्हाड उचलून पुण्याला न्यावं लागे.

तेव्हा कराची परकी नव्हतीच. १८४३ मध्ये इंग्रजांनी सिंध घेतला, १८४७ मध्ये तो मुंबई इलाख्याला जोडला आणि १ एप्रिल १९३६ पर्यंत तो इलाख्यातच होता. म्हणजे जेआरडी उडाले तो प्रवास सरकारी दृष्टीने एकाच प्रांतातला, जसा आज नागपूरहून मुंबईला. इलाख्याच्या शिक्षणखात्यातून कराचीत गेलेल्या नारायण जगन्नाथ वैद्य यांचं नाव तिथल्या एका जुन्या सरकारी शाळेला आहे. शाळा १८५५ ची. सिंध प्रांत वेगळा झाला तेव्हा नव्या विधानसभेला स्वतःची इमारत नव्हती, म्हणून तिच्या बैठका या वैद्यांच्या शाळेत भरत. शाळेच्या पाटीवर ते नाव अजून आहे. गोव्याचे ख्रिस्ती तर एकोणिसाव्या शतकापासून तिथे. कराची गोवन असोसिएशन १८८६ ची. कोकणी मुसलमानांची ‘कोकण सोसायटी’ नावाची वसाहत आहे. गणपती बसवणारी मराठी घरंही तिथे आहेत, आणि विसर्जन अर्थातच अरबी समुद्रात. आपला आणि त्यांचा समुद्र एकच.

फाळणीनंतरही दोन्ही शहरांची घड्याळं काही काळ एकच वेळ दाखवत होती. कराचीने आपलं घड्याळ अर्धा तास मागे घेतलं ते १९५१ मध्ये. १९४७-४८ मध्ये आगबोटी भरभरून सिंधी निर्वासित मुंबईच्या बंदरात उतरले. त्यांच्या कल्याण कॅम्पचं पुढे उल्हासनगर झालं. आगबोटी आणि विमानं त्यानंतरही चालू राहिली. हे आता सांगताना अवघड वाटतं, पण पासष्टच्या युद्धापर्यंत या दोन शहरांमधली ये-जा त्रासदायक होती, अशक्य नव्हती.

मग सुरू झाला उघड-झाकीचा खेळ. ६५ च्या युद्धात आकाश बंद, ताश्कंद करारानंतर खुलं. ३० जानेवारी १९७१ रोजी श्रीनगरहून जम्मूला निघालेलं इंडियन एअरलाइन्सचं ‘गंगा’ हे फॉकर विमान पळवून लाहोरला नेलं गेलं आणि तिथे जाळलं गेलं. भारताने पाकिस्तानी विमानांना आपल्यावरून उडायला बंदी केली. पाकिस्तानचे दोन तुकडे त्या काळात हवेनेच जोडलेले होते. कराची ते ढाका सरळ सुमारे २३५० किलोमीटर. बंदीनंतर विमानं भारताला वळसा घालून कोलंबोमार्गे जाऊ लागली आणि अंतर जवळपास दुप्पट झालं. त्याच वर्षी पूर्व पाकिस्तानात काय घडलं ते आपण जाणतोच. सैन्य आणि रसद नेताना हा वळसा पाकिस्तानला किती जड गेला असेल याचा हिशेब विमानवाल्यांनीच करावा.

आकाश पुन्हा खुलं झालं १९७६ च्या जुलैत. पुढची पंचवीस वर्षं, तंटे-बखेडे धरूनही, मुंबई–कराची हा साधा हवाई टप्पा होता. इतका साधा, की लांबच्या विमानांचा तो पहिला थांबा असे. पॅन अ‍ॅमचं ७३ क्रमांकाचं विमान मुंबईहून निघे, कराचीला थांबे, मग फ्रँकफर्ट आणि न्यूयॉर्क. ५ सप्टेंबर १९८६ च्या पहाटे ते कराचीत उभं असताना सुरक्षारक्षकांच्या वेशातले चार बंदूकधारी आत शिरले. कर्मचाऱ्यांनी इशारा दिल्याने वैमानिक कॉकपिटच्या छतातल्या झडपेतून निसटले, त्यामुळे विमान उडवता येईना. रात्री विमानातली वीज गेली, अंधार झाला आणि अपहरणकर्त्यांनी गोळीबार सुरू केला. मुंबईची पर्सर नीरजा भनोत हिने दार उघडून प्रवाशांना बाहेर काढलं आणि ती मारली गेली. दोन दिवसांनी तिला तेवीस वर्षं पूर्ण झाली असती. भारताने तिला अशोकचक्र दिलं, पाकिस्ताननेही तिचा सन्मान केला. एकाच व्यक्तीला दोन्ही देशांनी गौरवलं अशी उदाहरणं हाताच्या बोटांवर मोजावीत.

तीनच वर्षांनी, १५ नोव्हेंबर १९८९ ला, मुंबईचा सोळा वर्षांचा एक मुलगा कराचीच्या नॅशनल स्टेडियमवर पहिला कसोटी सामना खेळायला उतरला. सचिन तेंडुलकरच्या कसोटी कारकिर्दीचा पहिला चेंडू वानखेडेवर पडला नाही, कराचीत पडला.

जेआरडींना स्वतःच्या उड्डाणाचं भारी अप्रूप. १९६२ मध्ये तीस वर्षं झाली तेव्हा त्यांनी कराची–मुंबई पुन्हा करून पाहिलं. १९८२ मध्ये पन्नास वर्षं झाली तेव्हा ते अठ्ठ्याहत्तरचे. तरी लेपर्ड मॉथ घेऊन १५ ऑक्टोबरलाच कराचीहून निघाले, अहमदाबादला थांबले आणि जुहूला उतरले. मधे दोन युद्धं होऊन गेली होती, पण परवानगी मिळाली. हेच उड्डाण १५ ऑक्टोबर २०२१ रोजी मुंबईच्या आरोही पंडित या वैमानिक मुलीने हलक्या पिपिस्ट्रेल विमानातून पुन्हा केलं. आरोहीने एकटीने अटलांटिक महासागर पार केलेला आहे. तिला अंतराची भीती नव्हती. तिचं विमान निघालं भुजहून. मग अहमदाबाद, मग जुहू. जेआरडींच्या वाटेचा पहिला तुकडा गाळून. शिवाय ज्या भुजच्या धावपट्टीवरून ती उडाली, ती १९७१ च्या युद्धात बॉम्बहल्ल्यात उखडली होती आणि माधापर गावातल्या बायकांनी राबून पुन्हा उभी केली होती. कुणी कादंबरीत लिहिलं असतं तर संपादकाने ‘जरा जास्तच होतंय’ म्हणून खोडलं असतं.

संसदेवरच्या हल्ल्यानंतर १ जानेवारी २००२ पासून विमानं बंद, १ जानेवारी २००४ पासून पुन्हा चालू. त्या मार्चमध्ये कराचीत एकदिवसीय सामना झाला, भारताने ३४९ केल्या आणि पाच धावांनी जिंकला. आपल्याकडची माणसं सामना बघायला तिकडे गेली होती. मग २६/११ झालं. कराचीहून त्या वेळी मुंबईत जे आले ते समुद्राने आले, आणि या अंतराच्या कमीपणाचा एवढा भयंकर उपयोग दुसऱ्या कुणी केला नसेल. त्यानंतर मुंबई–कराची सेवा कशीबशी तग धरून होती; गेल्या दशकात तीही आटली. २०१९ नंतर दोन देशांमध्ये एकही थेट प्रवासी विमान नाही.

आता आकाशाचा हिशेब. बालाकोटच्या हवाई हल्ल्यानंतर २७ फेब्रुवारी २०१९ रोजी पाकिस्तानने हवाई हद्द बंद केली, ती जुलैच्या मध्याला उघडली. २ जुलैपर्यंत एकट्या एअर इंडियाला ४९१ कोटी रुपयांचा फटका बसला, असं तत्कालीन विमानवाहतूक मंत्री हरदीपसिंग पुरी यांनी राज्यसभेत सांगितलं. पहलगामच्या दहशतवादी हल्ल्यानंतर २४ एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानने भारतीय विमानांना हद्द बंद केली, ३० एप्रिलला भारताने उलट तेच केलं. दिल्लीहून अमेरिकेला जाणारी काही विमानं इंधनासाठी व्हिएन्नाला उतरू लागली. इंडिगोची ताश्कंद आणि अल्माटीची उड्डाणंच रद्द झाली, कारण नव्या वळशाने ती शहरं छोट्या विमानाच्या टप्प्याबाहेर गेली. ताश्कंद दिल्लीपासून हललं नव्हतं. वर्षभर बंदी राहिली तर साठ कोटी डॉलरचं नुकसान, असा एअर इंडियाचा अंदाज होता. पाकिस्ताननेही आपल्या संसदेत दोन महिन्यांत ४.१ अब्ज रुपये बुडाल्याचं सांगितलं. वरून उडणाऱ्यांकडून मिळणारं भाडं गेलं. दोघांनी एकमेकांचं नाक कापलं, आणि पाहुणचार झाला तो आखाती कंपन्यांचा.

कारण बंदी फक्त एकमेकांना आहे. बाकी सगळ्यांना आकाश मोकळं. दुबईहून दिल्लीला येणारं आखाती कंपनीचं विमान पाकिस्तानवरून बिनदिक्कत येतं. त्यात बसलेला पुण्याचा अभियंता खिडकीतून कराचीचे दिवे बघू शकतो, चहा पिऊ शकतो. रात्री फोनवर विमानांचे पिवळे ठिपके सरकताना बघायचा नाद मला आहे. त्यात हे नेहमी दिसतं: सिंधच्या किनाऱ्यावर ठिपक्यांची रांग, आणि तिच्यात भारतीय कंपनीचा एकही नाही, आपले ठिपके खाली अरबी समुद्रावरून, ओमानच्या रोखाने. आकाशाच्या कारभारासाठी जगाचे तुकडे पाडलेले आहेत. पाकिस्तानकडे कराची आणि लाहोर असे दोन, भारताकडे दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई असे चार. तिसऱ्या देशाचं विमान कराचीच्या तुकड्यातून आपल्याकडे शिरतं तेव्हा तिकडचा नियंत्रक त्याची वेळ आणि उंची इकडच्या नियंत्रकाला कळवतो. सरकारं बोलत नसतात तेव्हाही ही दोन टेबलं बोलत असतात. बोलली नाहीत तर दोन विमानं एकाच उंचीवर येतील.

बंदीची सूचना ज्या पत्रकाने निघते त्याला वैमानिक मंडळी ‘नोटॅम’ म्हणतात. चार-दोन ओळींचा रूक्ष मजकूर, सगळा मोठ्या अक्षरांत. मुदत साधारण महिन्याची, आणि ती संपते भारतीय वेळेनुसार पहाटे ५.२९ ला, कारण ग्रीनिचच्या हिशेबाने तेव्हा मध्यरात्रीला एक मिनिट कमी असतं. मुदत संपण्याच्या काही दिवस आधी एक देश नवा कागद काढतो आणि मग दुसरा. २०२५ मध्ये हे महिनोन्‌महिने असंच चाललं. भाडेकराराचं नूतनीकरण करावं तसं.

पण समजा, उद्या सकाळी दोन्ही नोटॅम मागे घेतले आणि विमान धावपट्टीवर येऊन उभंही राहिलं. बसणार कोण? कराचीतली भारतीय वकिलात १९७८ मध्ये उघडली आणि १९९४ च्या डिसेंबरात बंद झाली. मुंबईतही आज पाकिस्तानची वकिलात नाही. कराचीच्या कोकण सोसायटीतल्या बाईला रत्नागिरीच्या बहिणीकडे यायचं असेल तर अर्ज इस्लामाबादच्या भारतीय उच्चायुक्तालयाकडे. कराची ते इस्लामाबाद हवेतून सुमारे ११०० किलोमीटर. इकडच्या बहिणीला तिकडे जायचं तर दिल्ली, मुंबईपासूनच ११४०. दोघींनाही व्हिसाचं दार एकमेकींच्या गावाहून लांब. बरं, व्हिसा मिळाला तरी तो देशाचा नसतो, ठरावीक गावांचा असतो. मुंबई लिहिलं असेल तर मुंबईच. रत्नागिरी लिहायची राहिली तर बहिणीने मुंबईला यायचं. पोचल्यावर पोलिसांत नोंद, निघताना पुन्हा नोंद. एप्रिल २०२५ पासून तर हा दरवाजाही लागला. दिलेले व्हिसा रद्द झाले आणि साध्या प्रवाशांना अटारीची वाट बंद झाली. मुनाबाव–खोखरापारमार्गे जोधपूरहून कराचीकडे जाणारी थार एक्स्प्रेस २००६ मध्ये पुन्हा सुरू झाली होती, ती २०१९ च्या ऑगस्टातच थांबली.

सुरक्षेची कारणं खोटी आहेत असं मला म्हणायचं नाही. ज्या शहराने २६/११ सोसलं त्याला ती समजावून सांगायची गरज नाही. पण साठ-सत्तर वर्षांच्या आजीला व्हिसा नाकारल्याने कुठली बोट अडली, हा प्रश्न विचारायला हरकत नसावी. दहशतवादी अर्ज भरून, दोन फोटो चिकटवून रांगेत उभा राहत नाही.

आणि तरीही या दोन किनाऱ्यांमधे माणसांची ये-जा पूर्ण थांबलेली नाही. डहाणू-तलासरीकडचे आदिवासी तरुण दर हंगामात गुजरातेत ओखा, पोरबंदर, वेरावळच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात. ओख्याहून कराची हवेतून जेमतेम साडेतीनशे किलोमीटर. सर क्रीकच्या पुढची सागरी सीमा अजून ठरलेली नाही, आणि मासळी कुठली सीमा पाळत नाही. जाळं टाकता टाकता बोट पलीकडे जाते किंवा गेली असं ठरवलं जातं, पाकिस्तानची सागरी गस्त बोट धरते, आणि खलाशी कराचीच्या मलीर तुरुंगात जातात. तिकडच्या कोळ्यांचं इकडे हेच होतं. २००८ च्या करारानुसार दोन्ही देश दर १ जानेवारीला आणि १ जुलैला एकमेकांना कैद्यांच्या याद्या देतात. यादीत नाव आलं की घरच्यांना कळतं, माणूस जिवंत आहे.

शिक्षा संपली, राष्ट्रीयत्वाची खातरजमा झाली, की सुटका. तीही लगेच नाही; शिक्षा संपून वर्षं उलटलेले खलाशी यादीत असतात. सुटल्यावर खलाशाला कराचीच्या धक्क्यावरून बोटीत बसवत नाहीत आणि विमानातही नाही. कराचीहून रेल्वेने लाहोर, बाराशे किलोमीटर. तिथून वाघा. रेघ ओलांडून अटारी, अमृतसर, चौकशी, वैद्यकीय तपासणी. मग पुन्हा रेल्वे, दिल्ली, बडोदा, आणि शेवटी डहाणू. कराचीपासून डहाणू हवेतून आठशे किलोमीटरही नाही. हा प्रवास होतो तीन हजारांच्या घरात. तुरुंगातच कुणी दगावला तर मृतदेहालाही हीच वाट: कराची, लाहोर, वाघा, अमृतसर. कागद पुरे होईतो शीतपेटीत थांबून.

परत आलेल्यांपैकी काहीजण नारळी पौर्णिमा झाली की पुन्हा ओख्याची गाडी धरतात. गावात हंगामाची उचल आधीच घेतलेली असते, आणि ती फेडायला बोटच लागते.